गाणं गावाचं, गाणारे कुठले? : युक्रेनच्या लोकसंगीत बँडमधल्या माणसांचा आढावा

कीवच्या ‘दाखाब्राखा’ या बँडमध्ये चार जण आहेत. इरिना कोवालेंको, ओलेना त्सिबुल्स्का आणि नीना हारेनेत्स्का या तिघी लहानपणापासून ‘क्रालित्सिया’ नावाच्या एकाच लोकगीत पथकात गात मोठ्या झाल्या. पुढे कीवच्या राष्ट्रीय संस्कृती व कला विद्यापीठात तिघींनीही लोकसंगीतच शिकायला घेतलं. चौथा मार्को हलानेविच. तो भाषा-साहित्याचा विद्यार्थी आणि पेशाने नट. संगीताची पदवी त्याच्या नावावर नाही. 2004 पासून हे चौघं एकत्र गाताहेत. 2014 साली ते अमेरिकेतल्या बोनारू महोत्सवात पोहोचले, 2017 मध्ये ‘फार्गो’ या गाजलेल्या मालिकेत त्यांचं गाणं वाजलं आणि 2020 मध्ये त्यांना युक्रेनचा शेव्चेंको राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

युक्रेनचा लोकसंगीताचा बँड म्हटलं की बाहेरच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे भरतकामाचे सदरे घातलेली, पिढ्यान्‌पिढ्या गाणारी खेडूत मंडळी उभी राहतात. प्रत्यक्षात या बँडांतली माणसं कुठून आली, कोणापाशी शिकली, याची चौकशी करू लागलं की कुठे इंजिनिअर भेटतो, कुठे वास्तुविशारद, कुठे रॅपर, कुठे वाद्यं बनवणाऱ्या कारागिराची नात. आजकालच्या फ्यूजनच्या हौसेतून ही सरमिसळ झाली असं समजून पुष्कळ लोक तिच्याकडे संशयाने पाहतात. मला ते पटत नाही. युक्रेनचं लोकसंगीत गेल्या सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा परक्या घरातल्या माणसांनी सांभाळलं, कारण ज्यांच्या घरचं ते होतं त्यांना ते सुखाने गाऊ दिलं गेलं नाही. आजच्या बँडमधली भरती त्याच इतिहासाचा पुढचा भाग आहे.

‘दाखाब्राखा’चा जन्म नाटकाच्या तालमीत झाला. व्लाद त्रोइत्स्की या दिग्दर्शकाचं कीवमध्ये ‘दाख’ नावाचं छोटं नाट्यगृह होतं. त्रोइत्स्की स्वतः कीवच्या पॉलिटेक्निकमधून रेडिओ इंजिनिअरिंग शिकून नाटकाकडे वळलेला माणूस. शेक्सपिअरची नाटकं युक्रेनी विधी, मुखवटे आणि गाण्यांच्या अंगाने बसवायची असा त्याचा खटाटोप चालू होता आणि त्याला रंगमंचावर जिवंत संगीत हवं होतं. शिकलेल्या लोकगायिका त्याने बोलावल्या आणि घरच्या नटाला त्यांच्यात बसवलं. नाटकाच्या संगीताला एक सोय असते. त्यात गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘बरोबर’ गाण्याची सक्ती नसते, प्रसंग उभा राहिला पाहिजे एवढीच अट असते. एखादी ओळ दहा वेळा घोळवता येते, मध्येच पक्ष्याचा आवाज काढता येतो, एकाच ठोक्यावर पाच मिनिटं थांबता येतं. ‘दाखाब्राखा’ आपल्या शैलीला ‘एथ्नो-केऑस’ म्हणतात, पण तो गोंधळ रंगमंचावर मोजूनमापून रचलेला आहे.

कोणाच्या पूर्वशिक्षणातून काय आलं, हे त्यांच्या कुठल्याही मैफलीत कानाला कळतं. 2015 मध्ये अमेरिकेच्या एनपीआर रेडिओच्या कचेरीत, पुस्तकांच्या फळ्यांपुढे दाटीवाटीने बसून त्यांनी केलेली मैफल यासाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे दिव्यांचा थाट नाही आणि सगळे हात दिसतात. तिघींचे आवाज युक्रेनमध्ये ‘पांढरा आवाज’ म्हणतात त्या पद्धतीचे. गळा मोकळा, सूर छातीतून सरळ फेकलेला, कंप जवळजवळ नाही, शब्द बोलल्यासारखे स्वच्छ. शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत पोहोचावा म्हणून घडलेला हा आवाज. तो बंद खोलीत तयार होत नाही आणि एकटीने तर नाहीच. एकीने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी खालून भरत यायचं आणि एका आवाजाने वर चढून सगळ्यांवर छप्पर धरायचं, ही खेड्यातल्या गायिकांची रीत. तिघींना लहानपणापासून एकमेकींच्या श्वासाची सवय आहे, म्हणून कोणी सूर सोडला आणि कोणी उचलला ते समजतसुद्धा नाही. वीस वर्षांच्या वयात एकत्र आलेल्या तीन उत्तम गायिकांना हे साधेल असं मला वाटत नाही.

नीना चेलो वाजवते, पण शास्त्रीय वाद्यवृंदातल्यासारखा नव्हे. तिचा गज तारेवर घासतो, गुरगुरतो, एकाच खर्जावर रेंगाळतो. युक्रेनच्या लग्नांत वाजणाऱ्या वादकांच्या ताफ्यात चेलोसारखंच दिसणारं ‘बासोल्या’ नावाचं वाद्य असे. त्याचं काम चाल वाजवण्याचं नव्हतं, पायाखालची जमीन धरून ठेवण्याचं होतं. नीनाचा चेलो तेच काम करतो. इरिना इतर वाद्यांबरोबर ‘बुहाय’ वाजवते. लहान पिंपासारख्या या वाद्याच्या चामड्यातून घोड्याच्या केसांचा झुपका बाहेर काढलेला असतो. ओल्या हातांनी तो ओढला की बैल हंबरल्यासारखा आवाज निघतो. हिवाळ्यात नव्या वर्षाच्या सुमारास दारोदार गाणी म्हणत फिरणाऱ्या पोरांच्या टोळीत हे वाद्य असायचं.

आणि मार्को? त्याच्या वाद्यांच्या यादीत दारबुका, डिजरिडू, अकॉर्डियन यांच्यासोबत तबलाही आहे. तबल्याचा उपयोग तो नादापुरता करतो. कायदे-रेल्यांची अपेक्षा ठेवून ऐकायला बसणाऱ्या मराठी श्रोत्याच्या हाती काही लागणार नाही. पण संगीताची पदवी नसलेला हा माणूस बँडला एक मोठी गोष्ट देतो. लोकसंगीताच्या वर्गात ‘ही या जिल्ह्याची चाल, ती त्या जिल्ह्याची, दोन्ही मिसळायच्या नाहीत’ असा जो धाक असतो, तो त्याला कधी लागलेलाच नाही. वरच्या पट्टीत, जवळजवळ बायकी आवाजात तो गातो तेव्हा ती नटाने केलेली भूमिका असते. तिघींकडे परंपरेचं व्याकरण आहे, त्याच्याकडे ते मोडण्याची बेफिकिरी. या दोन्हींपैकी एकच असतं तर हा बँड एक तर शैक्षणिक पथक झाला असता, नाही तर नाटकवाल्यांची गंमत.

आता मागे जाऊ, कारण ‘बाहेरचा माणूस’ युक्रेनी लोकसंगीतात मार्कोपासून आलेला नाही.

युक्रेनच्या जुन्या संगीताचा कणा म्हणजे कोब्झार आणि लिर्निक. हे बहुतेक आंधळे फिरते गायक. कोब्झार कोब्झा किंवा बांदुरा ही तंतुवाद्यं वाजवत आणि लिर्निक लिरा, म्हणजे चाकाच्या घर्षणाने वाजणारं वाद्य. दोघंही वीरगाथा आणि धार्मिक पदं गात. त्यांच्या बिरादऱ्या होत्या. गुरूकडे काही वर्षं राहायचं, बिरादरीची गुप्त भाषा शिकायची, मग सगळ्यांसमोर परीक्षा देऊन स्वतंत्रपणे फिरण्याची परवानगी मिळवायची. डोळस माणसाला यात शिरकाव नव्हता. 1873 साली ओस्ताप वेरेसाय हा वृद्ध कोब्झार कीवच्या विद्वानांपुढे गायला आणि संगीतकार मिकोला लिसेंको याने त्याच्या चाली लिहून काढल्या. शहरी शिकलेला माणूस आंधळ्या गायकासमोर बसून कान टवकारत होता.

1902 मध्ये खार्किवला पुरातत्त्वाची बारावी परिषद भरली. तिथे ह्नात खोत्केविच या तरुणाने कोब्झार, लिर्निक आणि गावातले लग्नवादक यांना गोळा करून विद्वानांपुढे मैफल घडवली. खोत्केविच शिक्षणाने रेल्वे इंजिनिअर! बांदुरा त्याने अंध गायकांचं ऐकून आत्मसात केली. 1905 च्या संपानंतर त्याला ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गालिसियात पळून जावं लागलं. तिथेही तो स्वस्थ बसला नाही. 1909 मध्ये लविवला त्याचं बांदुरा शिकवणारं पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल शेतकऱ्यांची त्याने नाटक मंडळी काढली. एका इंजिनिअरच्या आयुष्यातला हा उद्योग पाहिला की मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

1908 ची गोष्ट त्याहून गोड आहे. क्लिमेंत क्वित्का हा कायदा शिकलेला, न्यायखात्यात नोकरी करणारा माणूस. त्याची पत्नी म्हणजे कवयित्री लेस्या उक्राइन्का. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ घेऊन कोब्झारांच्या वीरगाथा ध्वनिमुद्रित कराव्यात असं या नवरा-बायकोच्या मनात आलं. खर्च लेस्याने दिला, तोही आपलं नाव पुढे न करता. लविवहून फिलारेत कोलेस्सा हा संशोधक आला, चित्रकार ओपानास स्लास्तियोन मदतीला होता. त्या नळकांड्यांवरून कोलेस्साने चालींची स्वरलिपी लिहिली आणि 1910 व 1913 साली ती छापून निघाली. पुढे कोब्झारी बाज शिकू पाहणाऱ्याला या कामापाशी यावंच लागतं. एक वकील, एक कवयित्री, एक चित्रकार आणि एक अध्यापक.

मग 1930 चं दशक आलं. सोव्हिएत सत्तेला फिरते गायक नको होते, त्यांची धार्मिक पदं नको होती आणि कोसॅकांच्या पराक्रमाच्या गाथा तर मुळीच नको होत्या. छळ, अटका, गोळ्या. इवान कुचेरेंको या नामवंत कोब्झाराला 1937 साली ठार मारण्यात आलं. खोत्केविचला 1938 मध्ये गोळी घालण्यात आली. क्वित्काला अटक होऊन हद्दपारी भोगावी लागली. बिरादऱ्या संपल्या. गुरूकडून शिष्याकडे जाणारी वाट तुटली ती अशी, रेडिओ आला किंवा लोकांची आवड बदलली एवढ्यानेच नव्हे.

त्या पडझडीतून एक धागा वाचला तो पुन्हा एका परक्या माणसामुळे. हेओर्ही त्काचेंको, जन्म 1898. तरुणपणी खार्किवमध्ये पेत्रो द्रेव्चेंको या अंध कोब्झाराकडून तो जुन्या पद्धतीची बांदुरा शिकला होता. पुढे तो वास्तुविशारद झाला, जलरंगात निसर्गचित्रं काढू लागला आणि गाणं घरात ठेवलं. गाणं हा त्याचा पेशा नव्हता, म्हणूनच कदाचित त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. म्हातारपणी कीवमध्ये त्याच्याभोवती तरुण जमू लागले. मिकोला बुद्निक त्यांतला एक. त्याने जुन्या घडणीची वाद्यं स्वतःच्या हाताने बनवून पुन्हा प्रचारात आणली आणि कीवची कोब्झारांची बिरादरी नव्याने उभी राहिली. त्काचेंको 1993 मध्ये वारला, तोवर युक्रेन स्वतंत्र झाला होता. 2024 साली युनेस्कोने कोब्झा आणि लिरा यांची परंपरा जपणाऱ्या कार्यक्रमाला आपल्या उत्तम उपक्रमांच्या यादीत घेतलं, त्या कामाची मुळं या वृद्ध वास्तुविशारदापर्यंत पोहोचतात.

या फांदीवरचा आजचा बँड म्हणजे तारास कोम्पानिचेंकोने 2005 मध्ये काढलेला ‘खोरेया कोझात्स्का’. कोम्पानिचेंको कलेचा इतिहास शिकलेला. कोब्झा, जुनी बांदुरा, लिरा वाजवत तो वीरगाथांच्या जोडीला सतराव्या-अठराव्या शतकांतली पदं आणि नृत्यसंगीत गातो. इथे हस्तलिखितं वाचता येणं गळ्याइतकंच महत्त्वाचं असतं. त्यांचं संगीत ‘दाखाब्राखा’सारखं अंगावर येत नाही, पण शांतपणे ऐकणाऱ्याला ते खूप काही देतं.

सोव्हिएत काळात लोकसंगीत बंद पडलं असं मात्र समजू नये. उलट त्याला सरकारी इमारत, पगार आणि गणवेश मिळाला. 1943 मध्ये हिरहोरी वेरेव्का याने काढलेला सरकारी लोकगायक वृंद हा त्याचा नमुना. शाळेतून घरी आलेली मुलं संध्याकाळी सरकारी संगीतशाळेत जात, काही वर्षं एखादं वाद्य शिकत. त्यातून निवडक मुलं संगीत महाविद्यालयात आणि त्यांतली थोडी कॉन्झर्वेटरीत. या शिड्यांवर बांदुरा, सोपिल्का ही बासरी आणि बटणांचं अकॉर्डियन यांचेही वर्ग होते. त्यासाठी बांदुराच बदलण्यात आली. कोब्झारांच्या बांदुरेला वीसेक तारा असत. कारखान्यात तयार होणाऱ्या नव्या बांदुरेला साठाच्या आसपास तारा आल्या, सगळे अर्धस्वर आले, वजन वाढलं. आंधळ्या फिरत्या पुरुषांचं वाद्य दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतांशी मुलींच्या वर्गातलं वाद्य झालं. या शिक्षणाला नावं ठेवणं सोपं आहे आणि युक्रेनमध्ये ती भरपूर ठेवली जातात. मला वाटतं, थोडा न्याय करायला हवा. स्वतंत्र युक्रेनच्या बहुतेक बँडांतल्या वादकांचे हात याच शाळांनी तयार केले. स्वरलिपी वाचता येणारी, तासन्‌तास रियाज करणारी पोरं तिथे घडली. गाण्यातला खरखरीतपणा घासून काढणं, प्रत्येक चालीला चार आवाजांच्या गोड साच्यात बसवणं, हा त्या शाळांचा दोष होता.

त्या साच्यातूनही अस्सल आवाज निसटून बाहेर येऊ शकतो याचा पुरावा नीना मात्वियेंको. झितोमिर भागातल्या नेदिलिश्चे या खेड्यात 1947 मध्ये जन्म, बालपण निवासी शाळेत आणि मग वेरेव्का वृंदात गायिका. सरकारी मंचावर उभी राहूनही तिचा सूर पोलिसिया प्रदेशातल्या बाईचाच राहिला. 2023 मध्ये ती गेली.

शाळेचा आवाज आणि गावाचा आवाज यांतलं भांडण 1979 मध्ये उघड झालं. कीव कॉन्झर्वेटरीत येव्हेन येफ्रेमोव या संशोधकाने विद्यार्थ्यांचं ‘द्रेवो’ नावाचं पथक काढलं. हे नाव त्यांनी पोल्ताव्हा भागातल्या क्र्याच्किव्का गावच्या गायकांकडून घेतलं. कल्पना साधी होती, पण त्या काळात धाडसाची होती. लोकगीत ‘बसवायचं’ नाही. गावात जायचं, म्हातारीच्या शेजारी बसायचं आणि ती जशी गाते, जिथे श्वास घेते, शब्द जसा तोडते, तसंच गायचं. कॉन्झर्वेटरीत वर्षानुवर्षं गोलाई आणलेला गळा आधी विसरायचा. हे जमलेली माणसं थोडी, पण त्यांनी पुढच्या सगळ्यांचे कान बदलले. 1986 मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि कीव पोलिसियातली गावंच्या गावं उठवली गेली. एकमेकींच्या सोबतीने गाणाऱ्या बाया वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरल्या. त्या मुलखात आधी केलेली ध्वनिमुद्रणं अचानक फार मोलाची ठरली.

‘दाखाब्राखा’च्या तिघी, ‘गो-ए’ या बँडची गायिका कातेरिना पाव्लेंको, अशा अनेकींचं शिक्षण या बदलानंतरचं आहे. विद्यापीठात शिकणं आणि गावोगाव हिंडून गाणी गोळा करणं यांत त्यांना विरोध वाटला नाही. घरची परंपरा आणि शाळेची परंपरा यांच्यामध्ये ही एक तिसरी जमात तयार झाली. अशी मुलगी जन्माने कुठलीही असेल, पण कोणत्या गावच्या कोणत्या बाईकडून कोणतं गाणं उचललं हे तिला ठाऊक असतं. माझ्या मते आजच्या युक्रेनी लोकसंगीताचं खरं बळ या जमातीत आहे.

पण तिच्यातच एक धोकाही आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. कीवच्या त्या एका विद्यापीठाने इतक्या बँडांना माणसं पुरवली आहेत की ‘युक्रेनी लोकआवाज’ म्हणून जगाच्या कानी एकाच जातीचा आवाज पडतो आहे. पोल्ताव्ह्याची दाट, संथ, अनेक आवाजांची गाणी, पोलिसियाची टोकदार एकसुरी वसंतगीतं, कार्पेथियनमधली चपळ, व्हायोलिनच्या अंगाने जाणारी गाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंगमंचावर ध्वनिक्षेपकातून मोठा करून ऐकवला की तो फरक विरघळतो.

तो फरक ऐकायचा असेल तर डोंगरात जावं लागतं. वेर्खोविना भागातल्या बुकोवेत्स गावचे मिखाइलो ताफिइचुक आणि त्यांचे मुलगे हा खऱ्या अर्थाने घरचा बँड. व्हायोलिन, त्सिंबाली हे संतूरच्या कुळातलं वाद्य, दुडा ही मशकबीन, लिरा, निरनिराळ्या बासऱ्या, सगळं हे कुटुंब वाजवतं आणि वडील यांतली बरीच वाद्यं स्वतः घडवतात. इथे ‘पार्श्वभूमी’ हा प्रश्नच उद्भवत नाही. लग्न, नाताळ, उन्हाळ्यात गुरं डोंगरावर नेणं, जे काही असेल त्याला वाद्य लागतं आणि घरातलं कोणीतरी ते वाजवतं. गेल्या शतकभर इतर भागांत जे तुटलं ते इथे बऱ्यापैकी टिकलं, कारण हुत्सुलांचा मुलूख दुसऱ्या महायुद्धापर्यंत सोव्हिएत सत्तेखाली नव्हता.

जुन्या लग्नवादकांची चर्चा निघाली की आणखी एका बिऱ्हाडाची आठवण ठेवायला हवी. युक्रेनच्या गावांत आणि कसब्यांत ज्यू क्लेझमर वादक होते. ख्रिस्ती लग्नांतही ते वाजवत आणि चालींची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चाले. कीवचा संशोधक मोइसेई बेरेगोव्स्की याने युद्धापूर्वी त्यांचं संगीत गोळा केलं. नाझींनी ती माणसं मारली आणि 1950 मध्ये सोव्हिएत सत्तेने बेरेगोव्स्कीलाच छावणीत टाकलं. आजच्या युक्रेनी बँडांतल्या व्हायोलिनच्या कितीतरी वळणांत त्या वादकांचा हात आहे. त्यांची जागा मात्र रिकामीच राहिली.

घरच्या परंपरेचं अगदी वेगळं उदाहरण म्हणजे ‘ओनुका’ हा इलेक्ट्रॉनिक बँड. गायिका नाता झिझ्चेंको चेर्निहिवची. तिचे आजोबा ओलेक्सांद्र श्ल्योन्चिक तिथल्या वाद्यांच्या कारखान्यातले नामांकित कारागीर आणि त्यांच्यामुळे तिच्या हाती अगदी लहानपणी सोपिल्का आली. बँडच्या नावाचा अर्थच ‘नात’. तिच्या संगीतात सिंथेसायझरच्या जाड थरांवर सोपिल्का, बांदुरा आणि पितळी वाद्यं येतात. 2017 मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धा कीवला भरली तेव्हा तिने लोकवाद्यांच्या राष्ट्रीय वाद्यवृंदासोबत वाजवलं. कारखान्यातली, ‘सुधारलेली’ म्हणून हिणवली जाणारी वाद्यं तिच्या हातात वारसा होऊन येतात.

रॉकच्या वाटेने आलेल्यांबद्दल थोडक्यात. ‘वीवी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या बँडचा ओलेह स्क्रिप्का हाही कीव पॉलिटेक्निकचाच. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पंकच्या धडाक्यात बटणांचं अकॉर्डियन घुसवलं आणि 2004 पासून ‘क्राइना म्री’ हा लोकसंगीताचा महोत्सव भरवून गावच्या गायकांना शहरातल्या तरुण श्रोत्यांपर्यंत आणलं. रुस्लाना लविवची, कॉन्झर्वेटरीत वाद्यवृंद संचालन शिकलेली. 2004 मध्ये इस्तंबूलला युरोव्हिजन जिंकताना तिने हुत्सुलांचे ताल आणि त्रेम्बिता हे लांबलचक लाकडी शिंग टीव्हीवर नेलं. तिच्या गाण्यात लोकसंगीत चवीपुरतं आहे असं मला वाटतं, पण त्या विजयानंतर कार्पेथियनच्या वाद्यांविषयी तरुणांचा न्यूनगंड गेला, हे श्रेय तिला द्यावंच लागेल.

‘गो-ए’ 2012 साली सुरू झाला. तारास शेव्चेंको (राष्ट्रकवीचं नाव धारण करणारा हा दुसरा गृहस्थ) इलेक्ट्रॉनिक संगीतातला, इवान ह्रिहोरियाक गिटारवाला, कातेरिना पाव्लेंको लोकगायिका आणि इहोर दिदेन्चुक तऱ्हेतऱ्हेची फुंकवाद्यं वाजवणारा. त्यांचं ‘शूम’ हे गाणं वसंत ऋतूच्या जुन्या खेळगीतांवर उभारलेलं. वसंताला हाका घालणारी ही गाणी मुळातच छोट्या स्वरसमूहात फिरतात, तीच चाल घोळवत राहतात. म्हणून नृत्यगृहातला यांत्रिक ठोका त्यांना उपरा वाटत नाही. गाण्याचा वेग पायरीपायरीने वाढत जातो आणि पाव्लेंकोचा आवाज जागेवरून हलत नाही. तिने एकही मुरकी घेतलेली नाही. 2021 मध्ये रॉटरडॅमच्या युरोव्हिजनमध्ये हे गाणं पाचवं आलं, प्रेक्षकांच्या मतांत तर दुसरं.

पुढच्या वर्षी ट्युरिनमध्ये ‘कलुश ऑर्केस्ट्रा’ने ‘स्तेफानिया’ गाऊन स्पर्धा जिंकली, 631 गुण मिळवून. मुख्य माणूस ओलेह प्स्युक हा कलुश या कार्पेथियनच्या पायथ्याच्या गावचा रॅपर. त्याने 2019 मध्ये रॅपचा गट काढला आणि 2021 मध्ये लोकवाद्यं वाजवणारी मंडळी जोडून ‘ऑर्केस्ट्रा’ केला. त्या मंडळींत इहोर दिदेन्चुक होताच; एकच वादक लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या बँडांतून त्या मंचावर उभा राहिला. या गाण्यात तिमोफी मुझिचुक तेलेन्का वाजवतो. तेलेन्का म्हणजे डोंगरातल्या गुराख्यांची लांब बासरी, आणि तिला बोटं ठेवायला भोकं नसतात. खालचं तोंड बोटाने उघडायचं, झाकायचं आणि फुंकेचा जोर कमी-जास्त करायचा. नळीत नैसर्गिकपणे दडलेले सूर तेवढेच बाहेर येतात. म्हणून तिची चाल पियानोच्या स्वरांशी अगदी तंतोतंत जुळत नाही आणि तोच तिचा गोडवा आहे. आईसाठी लिहिलेलं हे रॅपगीत, त्यात गुराख्याची नळी, आणि ही नळी वाजवणारा शिकलेला तरुण.

या विजयावेळी रशियाचं पूर्ण आक्रमण सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. स्पर्धेची ट्रॉफी त्यांनी लिलावात विकली आणि नऊ लाख डॉलर सैन्यासाठी दिले. ‘दाखाब्राखा’ त्याच वसंतात अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यांवर निघाला; प्रत्येक मैफल आता देशाची बाजू मांडण्याचं कामही करत होती. तारास कोम्पानिचेंको सैन्यात दाखल झाला. बँडमधल्या माणसांच्या माहितीत शाळा, गुरू, गाव यांच्या जोडीला आता ‘सध्या कुठे आहे’ हा रकाना आला आहे. पूर्वेकडच्या ज्या गावांत गाणी गोळा करायला विद्यार्थी जात, त्यांतली कित्येक ताब्यात गेली किंवा उद्ध्वस्त झाली. द्निप्रोपेत्रोव्स्क भागातली कोसॅक गाणी 2016 मध्येच युनेस्कोने तातडीने जपण्याच्या यादीत घेतली होती, कारण ती गाणाऱ्या बाया थकल्या होत्या. आता त्या भागावर बॉम्बही पडतात.

अशा वेळी नव्या मुलीने शिकायचं कोणाकडे? याचं एक उत्तर पुन्हा एका बाहेरच्या माणसाने देऊन ठेवलं आहे. मिक्लोश बोत हा हंगेरीचा गिटारवादक. युक्रेनच्या खेड्यांतली अनेक आवाजांची गाणी ऐकून तो त्यांत गुंतला आणि युक्रेनी संशोधकांबरोबर ‘पॉलिफनी प्रोजेक्ट’ हा संग्रह उभा राहिला. गावोगावी जाऊन, गाणाऱ्या प्रत्येक बाईपुढे वेगळा ध्वनिग्राहक ठेवून ही गाणी मुद्रित केली आहेत. त्यामुळे संगणकावर एकेक आवाज सुटा करून ऐकता येतो. कोण गाणं उचलते, कोण खालचा सूर धरते, वरचा आवाज नेमका कुठल्या अक्षरावर फुटून निघतो, हे शिकणाऱ्याला कळतं. हवा तो आवाज बंद करून तिथे आपला गळा लावूनही पाहता येतो. सोबत गावाचं नाव असतं, गाणाऱ्यांची नावं असतात, चेहरे असतात. त्या गावात आज पोहोचता येईल की नाही सांगता येत नाही, पण कीवमध्ये, लविवमध्ये किंवा देशाबाहेर कुठल्याशा भाड्याच्या खोलीत बसून नव्या बँडची पोरं या आवाजांवर मेहनत घेऊ शकतात.